‘सिली’ म्हणजे धन्य!

१९८३ सालच्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ भारताच्या दौऱ्यावर आला होता. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडच्या मागे, माझ्या चाचांचं सायकलचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरीच. पंक्चर काढायची, चाकाचा आऊट काढायचा आणि पाच-सहा जुन्या सायकली तासावर भाड्यानं द्यायच्या, एवढाच व्यवसाय. कसोटी सामना सुरू असला की खिळ्याला अडकवलेल्या ट्रान्झिस्टरभोवती दहा-बारा माणसं जमायची. त्यांतल्या निम्म्यांना इंग्रजी समालोचन कळायचं नाही, पण गर्दीचा आवाज वाढला की कोणीतरी बाद झालं एवढं सगळ्यांना कळायचं.

एके दिवशी समालोचकानं ‘सिली पॉइंट’ म्हटलं. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधता शोधता चाचांनी मला विचारलं, “सिली बोले तो क्या रे?”

पाचवीपासून इंग्रजी शिकत असल्यानं मी त्या टपरीतला मोठा विद्वान होतो. मी म्हणालो, “सिली बोले तो बावला.”

“बावले को बॅट के इत्ते पास खडा करते?”

“हां. तुमारे जैसा.”

टपरी हसली. हसण्याला कारणही होतं. चाचा एका ओळखीच्या माणसाला पतपेढीच्या कर्जासाठी जामीन राहिले होते. तो माणूस गाव सोडून गेला होता आणि चाचा पंक्चरच्या पैशांतून त्याचे हप्ते फेडत होते. साऱ्या गावाला ही गोष्ट ठाऊक होती. चाचाही सगळ्यांबरोबर हसले आणि ट्यूब पुसायला लागले. मला मात्र त्या दिवशी आपण फार हुशारीचं बोललो असं वाटलं होतं.

पुढं कॉलेजात बी. ए.ला इंग्रजी साहित्य होतं. मिल्टननं १६२९ साली येशूच्या जन्मावर लिहिलेली एक दीर्घ कविता आम्हाला होती. तिच्यात मेंढ्या राखत बसलेले मेंढपाळ आहेत आणि त्यांच्या मनातल्या विचारांना कवीनं ‘सिली’ हे विशेषण लावलं आहे. परीक्षेत मी बिनधास्त लिहिलं की मिल्टनला हे मेंढपाळ मूर्ख वाटतात. पेपर परत आला तेव्हा त्या वाक्याभोवती लाल वर्तुळ होतं आणि समासात दोनच शब्द होते : ‘कोश पाहा.’

मी कोश पाहिला. ग्रंथालयातला तो जाडजूड कोश मी उभ्यानंच वाचायला घेतला आणि थोड्या वेळानं खाली बसलो. आज या एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. ती इंग्रजी शब्दाची असली, तरी तुमच्या-माझ्या तोंडच्या शब्दांपर्यंत येते.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण ‘येसॅलिग’ असा उच्चारला जाई. त्याच्या मुळाशी ‘सॅल’ हा शब्द होता. ‘सॅल’ म्हणजे वेळ, योग्य घडी, आणि त्यावरून सुदैव, सुख. ज्याची घडी चांगली, तो येसॅलिग. म्हणजे सुखी, भाग्यवान, ईश्वराची कृपा झालेला. रोमन पंडित बोएथियस यानं सहाव्या शतकात तुरुंगात, मरणाची वाट पाहत असताना, खरं सुख कशात असतं यावर एक ग्रंथ लिहिला. त्याचं जुन्या इंग्रजीतलं भाषांतर राजा आल्फ्रेडच्या नावाशी जोडलं जातं. त्यात सुखासाठी जो शब्द वारंवार येतो, तो याच कुळातला आहे. मृत्यूच्या दारात बसलेला माणूस ज्या सुखाचा शोध घेतो, त्या सुखाला इंग्रजांनी हा शब्द वापरला. आज शाळेत मास्तर रागावले की तोच शब्द वापरतात!

हा शब्द एकटा नव्हता. त्याची भावंडं शेजारच्या भाषांत आहेत आणि ती अजून आपला मान राखून आहेत. जर्मन भाषेत ‘झेलिश’ म्हणजे आजही धन्य, पुण्यवान. मार्टिन ल्यूथरनं १५२२ साली नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दीनांना, नम्रांना, शोक करणाऱ्यांना जिथं आशीर्वाद दिले आहेत, तिथं त्यानं हाच शब्द घातला. मराठी बायबलमध्ये त्या जागी ‘धन्य’ आहे. जर्मन लोक दिवंगत माणसाचा उल्लेख करतानाही ‘झेलिश’ म्हणतात, जसं आमच्याकडे ‘मरहूम’ म्हणतात. मरहूम म्हणजे ज्याच्यावर ईश्वराची दया झाली तो. डच भाषेत याच शब्दाचा भाऊ पुण्यवानासाठी तर आहेच, पण एखादा पदार्थ फक्कड झाला तरी वापरतात. स्कॉटलंडमधल्या लोककथांत पऱ्यांचे दोन दरबार असतात. त्यातल्या त्यात माणसांचं भलं करणाऱ्या पऱ्यांचा दरबार ‘सीली’. सारांश, एकाच आईची ही लेकरं. एक देवळात राहिलं, एक स्वयंपाकघरात गेलं, एक पऱ्यांच्या राज्यात. इंग्लंडात राहिलेल्याच्या वाट्याला मात्र टिंगल आली.

हे एका रात्रीत झालं नाही. घसरण चांगली तीन-चारशे वर्षं चालली आणि तिची प्रत्येक पायरी इतकी लहान होती की उतरणाऱ्याला आपण उतरतो आहोत हे कळूही नये. इ. स. १२००च्या सुमारास शब्दाचं रूप ‘सीली’ असं झालं होतं आणि अर्थ होता ईश्वराचा लाडका, पापभीरू. आता पापभीरू माणूस निष्पाप असतो. मग अर्थ झाला निष्पाप, निरागस. निरागस माणूस कोणाच्या वाटेला जात नाही. अर्थ झाला निरुपद्रवी. निरुपद्रवी माणसाला जग काही सुखानं जगू देत नाही, त्याची कीव येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस अर्थ झाला बिचारा. बिचारा तो दुबळा. १३००च्या आसपास अर्थ झाला दुबळा. आणि दुबळ्याला अक्कल असती तर तो दुबळा राहिला असता का? १५७०च्या सुमारास शेवटची पायरी आली : बेअक्कल, मूर्ख.

यातली एकही पायरी खोटी वाटत नाही, हीच या गोष्टीतली भीती वाटण्यासारखी बाब आहे. प्रत्येक पायरीवर कोणीतरी सहज, कसलाही दुष्टावा मनात न धरता तो शब्द वापरला असेल. आईनं लेकराला म्हटलं असेल, शेजाऱ्यानं शेजाऱ्याबद्दल म्हटलं असेल. पण पहिली आणि शेवटची पायरी शेजारी ठेवून पाहिली, तर संत मूर्ख झालेला दिसतो.

चौसर हा चौदाव्या शतकातला कवी नेमका या जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा आहे. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलेली एक कथा आहे. ऑक्सफर्डमध्ये जॉन नावाचा एक सुतार राहत असतो. वयानं मोठा, बायको तरुण. त्याच्या घरी एक विद्यार्थी भाडेकरू म्हणून राहतो, ज्योतिष जाणणारा आणि महा बिलंदर. त्या विद्यार्थ्याची नजर सुताराच्या बायकोवर आहे. तो सुताराला सांगतो की नोहाच्या काळी आला तसा महापूर येणार आहे, तेव्हा लाकडी पिंपं छताला टांगून त्यांत निजावं. ही बातमी ऐकून सुताराच्या मनात पहिला विचार येतो तो बायकोचा : आता ती बुडणार! तो मेहनतीनं पिंपं टांगतो, त्यात निजतो. शेवटी दोर कापून खाली पडतो, हात मोडून घेतो आणि जमलेलं सारं गाव त्याला वेडा ठरवून हसतं. या सुतारासाठी चौसरनं पुनःपुन्हा जे विशेषण वापरलं आहे, ते ‘सीली’. तिथं त्याचा अर्थ काय करायचा? निरागस, बिचारा की मूर्ख? तिन्ही. वाचताना आपल्याला हसू येतं आणि किंचित अपराधीही वाटतं. ती गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला टपरीतलं ते हसणं आठवलं होतं.

दोनशे वर्षांनी शेक्सपिअरच्या हाती हा शब्द आला, तोवर तो ‘सिली’ झाला होता, पण अजून दोन घरांत नांदत होता. ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकात रानातले लुटारू नायकाला आपला सरदार करू पाहतात. तो अट घालतो की ‘सिली’ बायकांना आणि गरीब वाटसरूंना त्रास द्यायचा नाही. इथं अर्थ मूर्ख बायका असा नाही, निराधार बायका असा आहे. आणि त्याच दशकातल्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये गावातल्या कारागिरांनी बसवलेलं नाटक पाहताना राणी हिपोलिटा जेव्हा हेच विशेषण फेकते, तेव्हा तिला सरळसरळ ‘अगदीच मूर्खपणा’ असं म्हणायचं असतं. लेखक एक, दशक एक, अर्थ दोन. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात एक ‘सिली’ कबुतर येतं. ते भोळं आहे की बुद्धू, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. मिल्टनचे मेंढपाळ त्यानंतर १८ वर्षांनी आले. त्यांच्या डोक्यात आपली प्रेमं आणि आपल्या मेंढ्या यांपलीकडे काही नव्हतं, एवढाच तिथला अर्थ. मी त्यांना मूर्ख ठरवून मोकळा झालो होतो.

त्यानंतर जुना अर्थ कवितेच्या कोपऱ्यात कुठं कुठं टिकून राहिला. १७९८ साली कोलरिजनं आपल्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेत जहाजावरच्या रिकाम्या बादल्यांना ‘सिली’ म्हटलं आहे. वारा पडलेला, माणसं मेलेली आणि डेकवर कित्येक दिवस कोरड्या पडलेल्या त्या बादल्या. बादली काही मूर्ख नसते. ती साधीभोळी, निरुपयोगी होऊन बसलेली असते. आणि मग पाऊस येतो. पण रोजच्या बोलण्यातून हा अर्थ गेला तो गेलाच. १८६१ साली लंडनच्या ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साप्ताहिकानं ‘सिली सीझन’ असा शब्दप्रयोग केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पार्लमेंट बंद, कोर्टं बंद, मोठ्या बातम्या नाहीत, मग वर्तमानपत्रं फुटकळ बातम्यांनी पानं भरतात, तो हा हंगाम. वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे लिहिताना मी जरा जपूनच लिहितो आहे!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द क्रिकेटच्या मैदानावर आला. फलंदाजाच्या फार जवळ, जिथं शहाणा माणूस उभा राहणार नाही, ती जागा ‘सिली’. म्हणजे चाचांचा प्रश्न बरोबर होता. बावळ्यालाच बॅटच्या इतक्या जवळ उभं करतात! पण तिथं उभं राहणाऱ्याच्या अंगी काय लागतं, ते मुंबईच्या एकनाथ सोलकरांकडे पाहून कळायचं. त्यांची जागा सिली पॉइंटच्या समोरची, फलंदाजाच्या दुसऱ्या अंगाची, फॉरवर्ड शॉर्ट लेग. धोका तोच. डोक्यावर हेल्मेट नाही. मुंबईच्या हिंदू जिमखान्याचं मैदान राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा. २७ कसोट्यांत त्यानं ५३ झेल घेतले. १९७१ साली ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा त्यांनी झेप घेऊन घेतलेला झेल ज्यांनी रेडिओवर ऐकला, ते अजून सांगतात. दुसऱ्याच्या चेंडूवर बळी मिळावा म्हणून आपलं डोकं पुढं करणं, याला काय म्हणायचं, ते आपण ठरवावं.

आता कोणी म्हणेल की हा इंग्रजांचा स्वभाव. तसं नाही. फ्रेंच भाषेत ‘बने’ म्हणजे बावळट. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथं अर्थ आहे आशीर्वाद लाभलेला. ज्या जर्मन भाषेनं ‘झेलिश’ सांभाळला, तिनंच ‘आल्बर्न’ हा दुसरा शब्द घालवला. तो पूर्वी मनमिळाऊ, दयाळू माणसासाठी होता, आज वेडगळासाठी आहे. मॉस्कोतलं रंगीत घुमटांचं ते प्रसिद्ध चर्च ज्या वासिलीच्या नावानं ओळखलं जातं, त्याच्या नावामागं ‘ब्लाझेन्नी’ हे विशेषण लागतं. त्याचा अर्थ धन्य. पण रशियन माणूस रोजच्या बोलण्यात तोच शब्द अर्धवट डोक्याच्या माणसालाही लावतो. तिथं निदान दोन्ही अर्थ जिवंत आहेत. वासिली स्वतः देवाचं वेड लागलेला फकीर मानला जाई. आमच्याकडेही अशा माणसाला मज्जूब म्हणतात आणि पोरांनी त्याला खडा मारला, तर घरातली वडीलधारी माणसं पोरांचा कान धरतात.

सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात जवळचा दाखला आपल्याच देशातला आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सम्राट अशोकानं खडकांवर लेख कोरून घेतले. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्यालाही त्या लेखांचे तुकडे सापडले. पहिला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला, दुसरा १९५६ साली. या लेखांत अशोक स्वतःला काय म्हणवतो? ‘देवानांपिय’, म्हणजेच संस्कृतात ‘देवानांप्रिय’, देवांचा लाडका. आता सतराव्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांची ‘सिद्धान्तकौमुदी’ उघडा. त्या व्याकरणग्रंथात ‘देवानांप्रिय’ या समासाचा अर्थ दिला आहे : मूर्ख. बौद्ध राजाच्या बिरुदावर काढलेला हा राग आहे, असं काही अभ्यासक मानतात. असेलही. पण इंग्लंडात असं कोणतंही भांडण नसताना देवाचा लाडका मूर्ख झालाच ना? हजारो मैलांवरच्या दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच जिन्यावरून उतरल्या.

मग चांगल्या अर्थाचे सगळेच शब्द खाली येतात का? तोही नियम नाही. इंग्रजीतला ‘नाइस’ लॅटिनमधल्या ‘अज्ञानी’ या अर्थाच्या शब्दातून निघाला, इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख होता आणि आज तो छान होऊन बसला आहे. त्याहून बोलका प्रवास ‘श्रूड’चा आहे. ‘श्रू’ म्हणजे दुष्ट माणूस. पुढं कजाग बाईला तोच शब्द चिकटला आणि शेक्सपिअरच्या नाटकाच्या नावात जाऊन बसला. ‘श्रूड’ म्हणजे १३००च्या सुमारास दुष्ट, पापी. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्याचा अर्थ कावेबाज झाला आणि त्याच शतकाच्या अखेरीस झाला चतुर, व्यवहारकुशल. आज ‘श्रूड बिझनेसमन’ म्हटलं की माणूस खूश होतो. म्हणजे ज्या काळात निष्पाप माणूस मूर्ख ठरला, त्याच काळात दुष्ट माणूस हुशार ठरला. एकाच जिन्यावर एक उतरत होता, दुसरा चढत होता. मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडली असेल, तर चढणाऱ्यानं उतरणाऱ्याला काय म्हटलं असेल?

हे वाचून मी मराठीकडे वळलो आणि मला आमच्याच घरातली जोडी सापडली. आमच्या नात्यातले एक बुजुर्ग मदरशात शिकून ‘फाजिल’ झाले होते. अरबीत फाजिल म्हणजे गुणांनी वरचढ, आणि घरात हा शब्द मोठ्या अदबीनं उच्चारला जाई. शाळेत गुरुजी मला म्हणाले, “फाजीलपणा करू नकोस.” मी बुचकळ्यात पडलो. इतका अभ्यास मी कधी केला होता? ‘जास्त असणं’ हा अर्थ त्या अरबी शब्दात मुळात होताच. मराठीनं ज्ञान गाळलं आणि जास्तीचं तेवढं ठेवलं, म्हणून फाजील लाड, फाजील आत्मविश्वास. उलट ‘इब्लिस’ पाहा. इब्लिस म्हणजे साक्षात सैतान, ज्यानं आदमपुढं झुकायला नकार दिला. आमच्या घरी हे नाव कोणी सहज घेत नसे. आणि शेजारच्या काकू माझ्या पाठीत धपाटा घालून कौतुकानं म्हणायच्या, “भारी इब्लिस आहे हो तुमचं पोरगं!” पंडित उतरला, सैतान चढला. मराठीचा ‘सिली’ आणि मराठीचा ‘श्रूड’!

‘गरीब’ या शब्दाची गोष्ट याहून हळवी आहे. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, घरापासून दूर आलेला. ज्या धातूतून तो आला त्यातूनच मगरिब आला, म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा आणि त्या वेळची नमाज. परमुलखातल्या माणसाकडे ना जमीन, ना नातीगोती, म्हणून फारसी-उर्दूकडून आपल्याकडे येईतो तो निर्धन झाला. मराठीनं त्याला आणखी एक अर्थ दिला. ‘गाय गरीब आहे’ म्हणतो तेव्हा ती मारकी नाही असं आपल्याला सांगायचं असतं. परका, निर्धन आणि न मारणारा हे तिघं आपल्या भाषेत एकाच नावानं ओळखले जातात. फारसी शब्द मराठीत येऊन कसे बदलले, हे पाहायचं असेल त्यानं माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे माधव जूलियनांचा, १९२५ सालचा फारसी-मराठी कोश जरूर चाळावा. कवीनं केलेला कोश आहे तो.

आणि आता ‘भोळा’. हा आपला ‘सीली’. चौसरच्या वेळी तो इंग्रजी शब्द ज्या पायरीवर होता, त्या पायरीवर आज हा उभा आहे. एकीकडे शंकराला आपण भोळा म्हणतो आणि हात जोडतो. वारकऱ्याच्या भोळ्या भावाला मान देतो. दुसरीकडे मुलीसाठी स्थळ पाहताना कोणी म्हणालं, “मुलगा फार भोळा आहे हो,” की पुढची बोलणी थांबतात. ‘भोळसट’ तर केव्हाच खाली पोचला. ‘भाबडा’ त्याच्या मागोमाग निघाला आहे. अग्रलेखांत ‘भाबडा आशावाद’ असं वाचतो, तेव्हा आशा बाळगणाऱ्याला लेखक वेड्यात काढतो आहे, हे आपल्याला लगेच कळतं. आणि ज्याला एकेकाळी लबाड म्हणायचे, त्याला आता ‘चालू आहे बरं का’ असं म्हणताना आवाजात थोडं कौतुक येतं. एखादा माणूस शब्दाला जागला आणि बुडाला, तर आपण त्याला व्यवहार कळत नाही म्हणतो. ज्यानं त्याला बुडवलं, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच तयार नसतो.

शब्दांना पाय नसतात. ते आपल्या तोंडून चालतात. कोशकार फक्त पावलं मोजतो. हजार वर्षं एखादा समाज भल्या माणसाशी कसा वागला, याची नोंद कोणत्या बखरीत मिळणार नाही. ती अशा एखाद्या विशेषणात मिळते.

ग्रंथालयातून तो अर्थ घेऊन मी गावी गेलो, तेव्हा चाचांची टपरी तशीच होती. पतपेढीचा शेवटचा हप्ता नुकताच फिटला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, जुना इंग्रजी शब्द, जर्मन शब्द, मेंढपाळ, सगळं. शेवटी म्हणालो, “चाचा, सिली बोले तो बावला नहीं. अल्ला का प्यारा. मैं गलत बोला था.” सात-आठ वर्षांपूर्वीच्या त्या बोलण्याची आठवण त्यांना होती की नाही, मला कळलं नाही. त्यांनी चाक फिरवून आऊट पाहिला, स्पोकला पाना लावला आणि विचारलं, “परीक्षा में मार्क बढे क्या?”

“नहीं.”

“तो फिर?” म्हणाले आणि कामाला लागले.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. जमातीतली माणसं त्यांच्याविषयी बोलताना शेवटी एक वाक्य हमखास म्हणतात, “भोळा होता बिचारा.” मी दर वेळी ते कान देऊन ऐकतो. म्हणणाऱ्याच्या मनात तो शब्द कुठल्या पायरीवर आहे, हे मला आवाजावरून ओळखायचं असतं. कधी ओळखता येतं, कधी येत नाही. पण तो शब्द अजून पुरता खाली गेलेला नाही, एवढं नक्की. त्याला तिथंच थांबवायचं की आणखी एक पायरी उतरवायची, हे कोशकाराच्या हाती नाही. उद्या सकाळी आपण कोणाला, कोणत्या सुरात भोळा म्हणतो, त्यावर ते ठरणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)